गर्जनवेल आणि सालई

१. आत्या विचारते

देवासला आमच्या आत्याच्या घरी दिवसाची सुरुवात चहानं होत नाही, गरम पाण्यानं होते. पितळी गंगाळात हाताला सोसेल इतकं कढत पाणी घेऊन ती ओटल्यावर बसते आणि दहाही बोटं त्यात बुडवते. पाऊण-एक तासानं बोटं मिटू लागतात. तोवर गॅसचा लायटर दाबवत नाही, साडीची पिन लागत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही. कणीक मळणं तर तिनं केव्हाच सुनेच्या हवाली केलं. माळव्यातली मराठी घरं या दुखण्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं गठिया म्हणतात. पुण्याचा पाहुणा आला की त्याचाच संधिवात होतो आणि वैद्याकडे गेलं की आमवात.

गेल्या दिवाळीत तिनं मला धरलं. "तू माहितीची पुस्तकं लिहितोस ना? मग सांग. चिनी लोकांकडे एक मुळी आहे, ती घेतली की गठिया जातो असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. खरं का रे? आणि तिकडची मुळी चालते, तर आपल्या इकडची का नाही चालणार?"

व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्ञान म्हटलं की आपण हसून सोडून देतो. पण या खेपेला निरोपात तथ्य होतं. फक्त त्याचा महत्त्वाचा अर्धा भाग गळला होता. आणि आत्याचा दुसरा प्रश्न तर पहिल्याहून चांगला होता.

२. दोन पात्यांच्या गावातला पहारेकरी

आधी दुखणं समजून घेऊ. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात ती झीज. दार वर्षानुवर्षं उघडझाप करून बिजागरी सैल व्हावी तशी. आमवातात बिजागरी धडधाकट असते. तिच्यावर कुणीतरी घण घालत असतो. तो कुणीतरी म्हणजे आपल्याच शरीराचा पहारेकरी, ज्याला आपण प्रतिकारशक्ती म्हणतो.

देवासकरांना हे समजावणं सोपं आहे. अठराव्या शतकात तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंकडे हा मुलूख आला आणि त्यातून दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, पण राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन आणि हद्द गावातूनच गेलेली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून इथं राहिला. त्या दिवसांवरचं त्याचं पुस्तक १९५३ साली निघालं आणि त्याला त्यानं नाव दिलं ते आपल्या टेकडीवरच्या देवीचं. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या.

आता अशा गावात रात्रीचा एक शिपाई डोळ्यांपुढे आणा. अंधारात त्याला आपल्याच हद्दीतलं घर परक्याचं वाटलं. त्यानं शिट्टी फुंकली. दहा शिपाई धावत आले, त्यांनीही शिट्ट्या फुंकल्या, मग शंभर आले. घराच्या दारावर लाथा बसू लागल्या. घरमालक ओरडतोय की मी इथलाच, पण शिट्ट्यांच्या गदारोळात ऐकतो कोण?

सांध्याला आतून एक मऊ, पातळ अस्तर असतं. ते वंगण पाझरतं. आमवातात पहारेकरी या अस्तरालाच परकं समजतात. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारची कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं. शिट्ट्या म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप. त्यातल्या एका कुप्रसिद्ध शिट्टीचं नाव टीएनएफ. आमवाताची आजची पुष्कळशी औषधं शिपायांना मारत नाहीत, कुठली तरी शिट्टी बंद करतात. हे एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

झीज आणि आमवात घरच्या घरी ओळखायची एक ढोबळ खूण आहे. झिजेचं दुखणं दिवसभर चालून संध्याकाळी वाढतं. आमवात सकाळी छळतो: उठल्यावर तासभर किंवा त्याहून जास्त आखडणं, आणि तेही बोटांच्या लहान सांध्यांत, दोन्ही हातांना. बायकांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण इथं १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांत त्याचं प्रमाण साधारण ०.५ टक्के निघालं. म्हणजे हजारात पाच. आकडा किरकोळ वाटतो. पण तेच प्रमाण दोन लाख प्रौढांच्या शहराला लावून पाहा: एक हजार माणसं, एक हजार गंगाळं.

३. वारा, थंडी, ओल आणि आम

चिनी वैद्यकात या दुखण्याला 'बी' म्हणतात. अर्थ अडथळा, तुंबणं. वारा, थंडी आणि ओल शरीरात शिरतात, वाहत्या गोष्टी तुंबतात, सांधे दुखतात. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग या वैद्यानं सुजलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या सांध्यांसाठी नऊ द्रव्यांचा एक काढा सांगितला, तो आजही तिकडे देतात. त्यात दालचिनीच्या कोवळ्या काड्या, आलं, ज्येष्ठमध असली आपल्याही स्वयंपाकघरातली मंडळी आहेत आणि त्यांच्या पंगतीला बचनागाच्या जातीचं एक जहाल मूळही आहे, प्रक्रिया करून घेतलेलं.

आपल्याकडे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानं 'माधवनिदान' या ग्रंथात आमवाताला पहिल्यांदा स्वतंत्र प्रकरण दिलं. आम म्हणजे न पचलेला, चिकट, अर्धाकच्चा रस. तो वाताच्या पाठीवर बसून सांध्यात जाऊन साचतो. अकराव्या शतकात चक्रपाणिदत्तानं आमवाताचे उपचार सविस्तर लिहिले. त्याच शतकात धारला भोजराजा होता. त्याच्या नावावर 'राजमार्तंड' नावाचा औषधी योगांचा संग्रह आहे. राजाच्या हातून असले ग्रंथ निघावेत याचं धार जिल्ह्याला नवल नसावं. पुढे चारशे-साडेचारशे वर्षांनी मांडूच्या सुलतानानं पाककृतींची चित्रमय पोथी करवली, त्या 'निअमतनाम्या'तही समोशांच्या शेजारी औषधं बसली आहेत.

चीन आणि भारत, दोन्हीकडचं निरीक्षण अचूक होतं. सुजेचं वर्णन, अंग आखडणं, पावसाळ्यात वाढणं, सांधे वाकडे होणं, हे सगळं त्यांनी नेमकं टिपलं. कारण मात्र त्यांनी उपमेनं सांगितलं, कारण सूक्ष्मदर्शकच नव्हता. उपमा चुकली म्हणून औषध चुकलंच असं नाही. आपली आजी दही विरजायची ती काही जिवाणूंचं शास्त्र शिकून नव्हे. पण उपमा सुंदर आहे म्हणून औषध बरोबर, असंही नाही. औषध बरोबर की चूक हे वेगळं तपासावं लागतं.

मराठी माणसाचा चिनी वैद्यकाशी संबंध म्हटला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात सोलापूरचे कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांनी तिकडे नेली ती शस्त्रक्रिया. १९४२ साली ते तिथंच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे चीनमधून सुया टोचण्याची विद्या शिकून कोलकात्याला आले. सुया आल्या, काढे मागेच राहिले. आजही सरकारनं आयुषमध्ये धरलेल्या पद्धतींत तिबेटी परंपरेची सोवा-रिग्पा आहे, चिनी वैद्यक नाही.

४. गर्जनवेल

आत्याच्या निरोपातली मुळी ती हीच. दक्षिण चीनच्या डोंगरांत एक चढणारी वेल होते, तिचं नाव 'लेइ कुंग थेंग', म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. आपण या प्रकरणापुरतं तिला गर्जनवेल म्हणू. पानं, फुलं, कोवळे शेंडे आणि मुळाची साल विषारी. शेतकरी तिची पूड किडी मारायला वापरत. औषध काढतात ते साल सोललेल्या मुळाच्या गाभ्यातून. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी डॉक्टरांनी ती आमवातावर पद्धतशीर वापरायला सुरुवात केली.

तिच्यातला मुख्य रेणू ट्रिप्टोलाइड. तो पेशीच्या आत जाऊन शिट्टी तयार करण्याचा हुकूमच दाबतो. एकच शिट्टी नव्हे, अनेक. म्हणून सूज झपाट्यानं उतरते.

हे नुसतं म्हणणं नाही, मोजलेलं आहे. २०१४ साली बीजिंगच्या डॉक्टरांनी एका चाचणीचे निष्कर्ष छापले. आमवाताचे २०७ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे ६९-६९चे तीन गट केले. पहिल्याला मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवाताचं जगभरचं पहिल्या पसंतीचं औषध. दुसऱ्याला गर्जनवेलीच्या गोळ्या, २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. तिसऱ्याला दोन्ही. चोवीस आठवड्यांनी मोजणी केली: दुखरे आणि सुजलेले सांधे निम्म्यानं कमी झाले, आणि इतर काही कसोट्यांवरही तेवढाच फरक पडला, असे किती जण?

मेथोट्रेक्सेटच्या गटात ६९ पैकी ३२. वेलीच्या गटात ३८. दोन्ही घेणाऱ्यांत ५३.

हे आकडे आत्याच्या भाषेत मांडतो. तिच्यासारख्या दहा बायका मेथोट्रेक्सेटवर ठेवल्या तर साडेचारांना भरघोस आराम, वेलीवर ठेवल्या तर साडेपाचांना, दोन्हींवर साडेसातांना. साडेचार आणि साडेपाच यांतला फरक एवढ्याशा संख्येत नशिबाचाही असू शकतो, म्हणून 'वेल जास्त चांगली' असं कुणी म्हणू नये. 'कमी नाही' एवढं म्हणता येतं. दोन्ही मिळूनचा फरक मात्र ठळक आहे. एक उणीवही सांगायला हवी. कोण कुठलं औषध घेतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला माहीत होतं, आणि माहीत असलं की मन थोडंफार पारडं झुकवतंच. अमेरिकेत २००९ साली छापलेल्या दुसऱ्या चाचणीत १२१ रुग्ण होते. तिथंही वेलीनं सल्फासलाझिन या जुन्या औषधाला मागं टाकलं, पण मधेच औषध सोडून जाणारेही पुष्कळ निघाले.

इथपर्यंत निरोप खरा. आता गळलेला अर्धा.

जो रेणू सांध्यातल्या शिट्ट्यांचा हुकूम दाबतो, तो सांध्यापाशी थांबत नाही. जिथं जिथं पेशी भराभर कामाला लागलेल्या असतात तिथं तो पोचतो: अंडाशय, वृषण, अस्थिमज्जा, आतडी. बायकांची पाळी थांबते, काहींची कायमची. पुरुषांचे शुक्राणू इतके घटतात की १९८०च्या दशकात चीनमध्ये या वेलीकडे पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून पाहिलं जाऊ लागलं. यकृत आणि मूत्रपिंड बिघडू शकतात. गुण देणारी मात्रा आणि त्रास देणारी मात्रा यांत अंतर फार थोडं, गावच्या बोळात समोरासमोरच्या दोन गाड्यांत असतं तेवढं. म्हणून ज्यांना मूल हवंय त्यांना ही वेल तिकडचे डॉक्टरही देत नाहीत.

चीनच्या पोतडीत सौम्य गोष्टीही आहेत. तिथल्या एका रानवेलीतून सिनोमेनिन काढतात. पिओनी नावाच्या मोठ्या फुलाच्या मुळातून काढलेल्या द्रव्यांना १९९८ साली तिथल्या सरकारनं आमवातासाठी मान्यता दिली. ती गर्जत नाहीत आणि गर्जनवेलीइतकी बरसतही नाहीत.

५. मातीतलं औषध, मोजून

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण मुळी ना ती? निसर्गातली गोष्ट इतकी कशी वाईट असेल?"

मी तिला तिच्याच गावची गोष्ट आठवून दिली. १९४८च्या जानेवारीत एक चोविशीतला गवई क्षयानं खंगून देवासला येऊन राहिला, इथली कोरडी हवा मानवेल म्हणून. कुमार गंधर्व. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ते रस्त्यानं जाणाऱ्यांची माळवी गाणी ऐकत. १९५२च्या सुमारास त्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, आणि १९५३मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळपास निकामी झालेलं, म्हणून छोट्या छोट्या फिरतींचं ते गाणं.

आता स्ट्रेप्टोमायसिन कुठून आलं? मातीतून. १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शाट्झ या तरुण संशोधकानं मातीतल्या एका जिवाणूपासून ते वेगळं केलं. मुळीपेक्षाही निसर्गाच्या पोटातली वस्तू. आणि तिचा सगळ्यांत ठाऊक असलेला दुष्परिणाम कोणता, तर कानाच्या आतल्या पेशींना इजा. ज्या औषधानं गवयाला गळा परत दिला ते मात्रा चुकली तर कान घेऊन जाऊ शकतं. म्हणून ते वजनावर मोजून, दिवस मोजून देतात.

ज्याच्यात गुण करायची ताकद आहे त्याच्यात अवगुण करायचीही असते, कारण ती एकच ताकद आहे. 'साइड इफेक्ट शून्य' अशी जाहिरात वाचली की माझ्या मनात पहिली शंका दुष्परिणामाची येत नाही, परिणामाची येते.

६. आपली सालई

आता आत्याचा दुसरा प्रश्न, आपल्या इकडच्या मुळीचा.

धारकडून मांडूच्या वाटेनं किंवा पुढे कुक्षीकडे उतरताना उन्हाळ्यात खडकाळ उतारांवर बघा. बाकी रान वाळलेलं असतं आणि मधेच राखाडी-हिरव्या सालीची, कागदासारखे पापुद्रे निघणारी झाडं निष्पर्ण उभी असतात. ती सालई. साल तासली की आधी पांढुरका चीक येतो, मग तो सोनेरी, चिकट होत जातो आणि वाळला की खड्यांसारखा खुडता येतो. निखाऱ्यावर टाकला की धूप. संस्कृतात शल्लकी, बाजारात सालई गुग्गुळ. हे लाकूड कुणाच्या मोठ्याशा कामाचं नाही, पण पन्नाशीच्या दशकात नेपानगरला वर्तमानपत्राच्या कागदाचा कारखाना निघाला, तेव्हा बांबूच्या जोडीला सालईच लगद्यात गेली. तेव्हा वाडवडिलांनी जो पेपर वाचला त्यात ही झाडं होती म्हणायला हरकत नाही.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात या डिंकाच्या अर्काचा सुजेवरचा परिणाम प्राण्यांवर तपासून दाखवला. त्यातली कामाची द्रव्यं म्हणजे बॉस्वेलिक आम्लं. ती ल्युकोट्राइन नावाच्या शिट्ट्या तयार करणाऱ्या एका विकराला अडवतात. म्हणजे गर्जनवेल हुकूमच दाबते आणि सालई एका प्रकारच्या शिट्टीत बोळा कोंबते. फरक इथंच दिसायला लागतो.

सालईची दुसरी सखी अश्वगंधा, तीही माळव्याचीच. मंदसौर-निमच पट्ट्यात तिची शेती होते आणि निमचच्या मंडीत मुळांच्या मोळ्या विकायला येतात. जाड, पिठूळ मुळाला भाव जास्त. पुण्याच्या डॉ. चोप्रांच्या गटानं अश्वगंधा, सालई, सुंठ आणि हळद यांच्या अर्काची गोळी घेऊन आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी केली. २००० साली ती छापून आली. यात कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसत्या पिठाची हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. परीक्षा अशीच कडक हवी. खऱ्या गोळीवाल्यांपैकी ३९ टक्क्यांना ठरलेल्या कसोटीइतका आराम पडला.

आणि पिठाच्या गोळीवाल्यांपैकी ३० टक्क्यांना.

हा दुसरा आकडा मी आत्याला दोनदा वाचून दाखवला. पिठाच्या गोळीनं दहातल्या तिघींना बरं वाटतं! त्या खोटं बोलत नाहीत. आमवात आपणहून कमी-जास्त होत राहतो, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं कडेलोटाला आलं असताना, म्हणजे त्यानंतर ते थोडं उतरायचंच. शिवाय कुणीतरी आपल्याकडे नीट लक्ष देतंय याचाही गुण येतो. म्हणून 'आमच्या शेजारणीला त्या काढ्यानं फरक पडला' यावर औषध पारखता येत नाही. त्या चाचणीत सुजलेल्या सांध्यांवर खऱ्या गोळीचा थोडा जास्त प्रभाव दिसला, त्रासही फारसा झाला नाही. सौम्य गुण, सौम्य अवगुण.

कोइमतूरला झालेली आणखी एक चाचणी मला विशेष आवडते. तिथं आयुर्वेदाला एका गोळीत कोंबलं नाही. वैद्यांनी रुग्ण पाहून नेहमीप्रमाणे औषधं ठरवली, आणि मेथोट्रेक्सेटच्या गटातल्यांना वैद्यांची खोटी औषधं, वैद्यांच्या गटातल्यांना मेथोट्रेक्सेटच्या खोट्या गोळ्या आणि तिसऱ्या गटाला दोन्ही खरी, असा सगळा खटाटोप केला. काढ्याची, तुपाची, चूर्णाची हुबेहूब चवीची नक्कल करणं म्हणजे काय गंमत असेल! ३६ आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. पण रुग्ण होते अवघे ४३. एवढ्या संख्येत 'सारखेच' या शब्दावर फार भार टाकता येत नाही. तीनशेंवर हीच चाचणी व्हायला हवी.

७. वेल कोणती?

आमवाताच्या औषधांना मोठ्या आवाजाची नावं आवडतात. चीनमध्ये मेघगर्जना, तर आपल्याकडे सिंहनाद गुग्गुळ: त्रिफळा, गंधक, गुग्गुळ आणि एरंडेल. दुसरा प्रसिद्ध योग रास्नासप्तक काढा: रास्ना, गुळवेल, बहावा, देवदार, गोखरू, एरंडमूळ, पुनर्नवा. यातली सहा मंडळी सरळ आहेत. पहिलीच, जिच्या नावावर काढा आहे ती, सरळ नाही. उत्तरेत रास्ना म्हणून एका झुडपाची पानं देतात, दक्षिणेत कुलिंजनाचे कंद, बंगालात झाडावर वाढणाऱ्या एका आमरीची मुळं. एकच नाव, तीन वनस्पती, तिन्ही वेगळ्या कुळातल्या. पुण्याच्या पुस्तकात वाचून इंदूरच्या दुकानात घेतलेला काढा कोणत्या रास्नेचा असेल?

रास्नेत एवढं बिघडत नाही. पण नाव चुकल्यानं काय होतं ते बेल्जियमनं पाहिलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्सच्या एका दवाखान्यात बायकांना वजन उतरवायला चिनी वनस्पती देत. त्यातली एक 'फांग ची', जी चिनी वैद्य सांधेदुखीतही वापरतात. या नावाच्या दोन वेली बाजारात असतात. दवाखान्यात पोचली ती दुसरी, आपल्याकडच्या ईश्वरमुळीची चुलत बहीण. तिच्यातल्या आम्लानं मूत्रपिंडं सुकतात. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली, अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. एका नावाच्या घोटाळ्यापायी!

हे फार दूरचं वाटत असेल तर २०२१ची मुंबई घ्या. कोविडच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्ण नोंदवले, ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यावर सूज आली होती. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नीट ओळखलेलीच नाही. तिच्याच जातीची, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. वाद बाजूला ठेवा. दोन्ही पक्षांचा प्रश्न एकच होता: वेल कोणती?

आणि आमवाताच्या माणसानं त्यातून आणखी एक गोष्ट उचलावी. 'इम्युनिटी वाढवा' ही जाहिरात त्याच्यासाठी नाही. त्याच्या गावात शिपाई आधीच जास्त आहेत.

सगळ्यांत वाईट घोटाळा मात्र वनस्पतीचा नसतो. आत्यानंच तो भोगलाय. सहा-सात वर्षांपूर्वी महामार्गाच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या एका जडीबूटीवाल्याकडून तिनं पुड्या आणल्या. तिसऱ्या दिवशी बोटं मोकळी. घरात आनंदीआनंद, शेजारच्या दोघींनीही मागवल्या. चार महिन्यांत आत्याचा चेहरा पौर्णिमेसारखा गोल झाला, साखर चढली, पायावर सूज. डॉक्टरांनी पुडी हातात घेऊन नुसता वास घेतला आणि म्हणाले, यात स्टेरॉइड असणार. स्टेरॉइड म्हणजे गावातल्या सगळ्याच शिपायांच्या तोंडावर पट्टी. शांतता तत्काळ मिळते, मग चोरही मोकळेच. आणि अशी पुडी अंगवळणी पडलेली असताना एकदम बंद केली तरी जिवावर बेतू शकतं; ती उतरत उतरत सोडवावी लागते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मला त्या तंबूवाल्यापेक्षा आमचा राग आला. तीन दिवसांत उतरणारा आमवात झाडपाल्यानं उतरलेला नसतो, एवढं आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. सालई असो, अश्वगंधा असो, नाहीतर खुद्द मेथोट्रेक्सेट, गुण दिसायला आठवडे लागतात.

८. आत्याच्या भिंतीवर

मग करायचं काय? आत्या विचारते तशी मीही तिच्या डॉक्टरांना आणि तिच्या वैद्यांना विचारत गेलो. दोघांची उत्तरं मला वाटलं होतं त्यापेक्षा जवळची निघाली. आमवातात पहिले काही महिने मोलाचे असतात. हाड एकदा कुरतडलं की कुठलीच मुळी, कुठलीच गोळी ते भरून आणत नाही. म्हणून सूज उतरवणारं खात्रीचं औषध लवकर सुरू करावं. काढा, शेक, तेल, पथ्य त्याच्या जोडीला चालेल, त्याच्या जागी नको. आणि जे काही घेतो ते डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण मेथोट्रेक्सेटही यकृतावर भार टाकतं आणि काही वनस्पतीही टाकतात. दोघांनी मिळून टाकलेला भार रक्ताच्या तपासणीतच दिसतो.

मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे. रोजची समजून घेतली तर विषबाधा होते, आणि लोक घेतात, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. म्हणून आत्याच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर प्रत्येक रविवारला पेन्सिलीचा गोल आहे, आणि गोळी घेतली की त्यात फुली. इतर वारी एक छोटी पिवळी गोळी, फॉलिक आम्लाची. रक्त तपासायच्या तारखेला बाण. वैद्यांनी दिलेल्या सालईच्या गोळ्यांच्या बाटलीवर कंपनीचं नाव, वनस्पतीचं लॅटिन नाव आणि अर्काचं वजन छापलेलं आहे. नसेल तर घेऊ नका, हे वैद्यच म्हणाले.

गंगाळ अजून आहे, पण आता पाऊण तास लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत भागतं. परवा फोनवर तिनं नवा प्रश्न काढला: त्या चिनी वेलीतलं वाईट तेवढं काढून टाकून चांगल्याची गोळी करता येत नाही का? मी म्हटलं, चीनमधले रसायनतज्ज्ञ नेमकं तेच करतायत, ट्रिप्टोलाइडच्या रेणूत थोडा फेरफार करून त्याचं विष कमी होतं का ते बघतायत, माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गाडी गेलीय.

"झालं की सांग," ती म्हणाली, "आज रविवार आहे, गोळी घ्यायची राहिलीय," आणि फोन ठेवला.